वेबसाइट नवी नको, फोनवरची उत्तरं हवीत

महोदय,

आपल्या व्यापार-उद्योग पुरवणीत छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइटविषयी आलेला लेख वाचला. दर तीन वर्षांनी वेबसाइटचं रूप पालटावं, पहिल्या पानावर व्हिडिओ असावा, कोपऱ्यात चॅटबॉट (गिऱ्हाइकाशी आपोआप गप्पा मारणारी खिडकी) बसवावा, असा त्याचा एकंदर सूर. लेख आला त्याच दुपारी माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन : ‘ताई, आपली साइट जुनाट झालीय म्हणे.’ झालेली नाही. फक्त तिच्यावरचा गोदामाचा पत्ता जुना आहे, कारण गोदाम हलवल्याचं त्यांनी मला अजून कळवलेलंच नाही. म्हणून हे पत्र.

मी लालबागला एका पोटमाळ्यावर बसून धंद्यांच्या वेबसाइट बनवते, आणि त्याहून जास्त वेळ बनलेल्या वेबसाइट दुरुस्त करते. त्याआधी गिरगावात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी, करायचे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळी अंकांच्या जाहिराती. आता गिऱ्हाइकं म्हणजे मसाल्याची गिरणी, बेअरिंगचं दुकान, दातांचे डॉक्टर, केटरर, लिफ्ट दुरुस्त करणारे. मोठ्या कंपन्या माझ्याकडे येत नाहीत, आणि आल्याच तर त्यांच्या मीटिंगला पुरतील एवढ्या खुर्च्या माझ्याकडे नाहीत.

अशा धंद्यांना नव्या वेबसाइटची गरज क्वचितच असते. दुकानातल्या फोनवर मालक रोज जी उत्तरं देतो तीच नीट लिहून, पानाच्या अगदी वर आणून ठेवली की बहुतेकांचं काम होतं. लेखात नेमकं हेच कुठे नव्हतं.

काम घेतलं की मी आधी दुकानात जाऊन फोनजवळ बसते. मालकाला ‘तुमची व्हिजन काय’ असं विचारत नाही. विचारलं तर ते ‘तीन पिढ्यांचा विश्वास’ म्हणतात. ते खरंही असतं, पण तेवढं वाचायला कुणी मोबाइल उघडत नाही. लोक फोनवर काय विचारतात ते मी वहीत उतरवते, आणि उत्तर देणारा ज्या शब्दांत देतो त्याच शब्दांत उत्तरही. दुपारपर्यंत प्रश्न पुन्हा पुन्हा तेच यायला लागतात. ते पुन्हा येणारे प्रश्न म्हणजेच वेबसाइटचं पहिलं पान.

आमच्या इथल्या एका मसाल्याच्या गिरणीचं सांगते. गिरणी काकू चालवतात. त्यांची आधीची वेबसाइट एका एजन्सीने केली होती. उघडली की लाकडी चमच्यातल्या चक्रीफुलाचा परदेशी फोटो, तो सरकला की हळदीचा, मग पुन्हा चक्रीफूल. खाली इंग्रजीत, ‘वी आर वन ऑफ द लीडिंग मॅन्युफॅक्चरर, सप्लायर अँड एक्स्पोर्टर’. एक्स्पोर्ट म्हणजे काकूंच्या नणंदेकडे दुबईला जाणारा डबा.

आणि फोनवर? ‘मिरची आम्ही आणली तर कांडून द्याल का?’ ‘कमीत कमी किती किलो लागते?’ ‘भाजून तुम्ही देता की घरून भाजून आणायची?’ ‘थांबून मिळेल की उद्या यायचं?’ आणि अगदी जपून, आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न : ‘समोर उभं राहता येईल ना?’ आपलीच मिरची आपल्याच डब्यात परत आली पाहिजे, ही काळजी ज्यांनी कधी मसाला करून घेतलाय त्यांना सांगायला नको. काकू मान वर न करता उत्तर देतात, ‘खुर्ची देते बसायला, डोळ्यांसमोर कांडून घ्या.’ हे वाक्य मी जसंच्या तसं पानावर टाकलं. एवढं चांगलं वाक्य मला सुचलं नसतं, एजन्सीला तर नाहीच.

आता त्या पानावर सगळ्यात वर गिरणीची वेळ आणि फोन नंबर. मग वरचे प्रश्न आणि काकूंची उत्तरं. मग बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी यातली कोणती रंगाला आणि कोणती तिखटाला, काकू ज्या प्रमाणात घालतात तसं, मालवणी मसाल्यासाठी वेगळं आणि आगरी-कोळी मसाल्यासाठी वेगळं. मग करी रोड आणि चिंचपोकळी या दोन्ही स्टेशनांवरून कसं यायचं. गाडी लावायला जागा नाही, हेही स्पष्ट. एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागायच्या आधी, रांग कोणत्या वेळी कमी असते तेही. आणि गणपतीच्या दिवसांत लालबागचे रस्ते कसे असतात ते मुंबईकराला माहीतच आहे. त्या दहा दिवसांची वेगळी वेळ पानावर आणि गूगलच्या नकाशावरच्या नोंदीत, दोन्हीकडे, काकूंची सून स्वतः बदलते. तिला मी तेवढंच शिकवलं. फोन यायचे थांबले नाहीत, थांबायलाही नको होते, पण आता लोक सगळं वाचून येतात आणि ‘उद्या अकराला आलं तर गर्दी असेल का’ एवढंच विचारतात.

यात चॅटबॉट कुठे बसवू? तो ‘हाय, मी आपली काय मदत करू’चा फुगा मोबाइलवर नेमका फोन नंबरावरच येऊन बसतो. मी कित्येक साइटवरून तो काढला आहे आणि परत लावा असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

दुसरं उदाहरण नागदेवी स्ट्रीटचं, कारण तिथला माल आणि तिथलं गिऱ्हाईक अगदी वेगळं. बेअरिंगच्या दुकानात फोन करणारा माणूस बहुधा एखाद्या वर्कशॉपमधला फिटर. मशीन बंद पडलंय, एका हातात झिजलेलं बेअरिंग, दुसऱ्या हातात मोबाइल, दोन्ही हात ग्रीसने माखलेले. बेअरिंगच्या कडीवर कोरलेलं असतं, समजा, ६२०५. कळणाऱ्याला या चार आकड्यांत सगळं कळतं : आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आर-एस असेल तर रबराचं सील. त्याला फक्त एवढंच हवं असतं : हे आहे का, किती नग आहेत, आज टेंपोत टाकाल का.

त्या दुकानाच्या वेबसाइटवर मात्र आधी फिरत्या गोळ्यांचं ॲनिमेशन, मग संस्थापकांचा हार घातलेला फोटो, आणि माल पाहायचा तर ‘डाउनलोड कॅटलॉग’. कॅटलॉग म्हणजे छापील पुस्तक स्कॅन करून बनवलेली जडशीळ पीडीएफ. पानंच्या पानं चित्रं असल्यामुळे तिच्यात ६२०५ शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही, बोटाने सरकवत बसायचं. भाव विचारायला वेगळा फॉर्म : नाव, कंपनी, हुद्दा, ईमेल, पिन कोड, आणि शेवटी ‘यातले ट्रॅफिक सिग्नल ओळखा’. फॉर्म भरून पाठवला की तो जायचा नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या ईमेलवर. शेठ म्हणायचे, ‘वेबसाइटवरून एक इन्क्वायरी येत नाही.’ येत होत्या. पोचत नव्हत्या.

आम्ही कॅटलॉग टाइप करून घेतला. कंटाळवाणं काम, डीटीपीची सवय तिथे कामी आली. आता वर एक शोधायचा चौकोन, खाली साधा तक्ता : नंबर, तिन्ही मापं, झाकण कोणतं, माल शिल्लक आहे की मागवावा लागेल. ऑइल सील (तेल गळू न देणारी कडी) मापावरूनच मागतात, म्हणून ‘३५-५२-७’ असं टाकलं तरी सापडतं. प्रत्येक ओळीला व्हॉट्सॲपचं बटण. ते दाबलं की ‘६२०५ टू-आर-एस, नग :’ एवढा मजकूर आधीच लिहिलेला उघडतो, फिटरने आकडा टाकून पाठवायचा. असा दुवा करायला एक पैसाही लागत नाही. जीएसटी नंबर तळाशी, कारण कंपन्यांचे खरेदीवाले तो मागितल्याशिवाय राहत नाहीत. हातगाड्यांच्या गर्दीत टेंपो कुठल्या तोंडाला उभा करायचा, तेही लिहिलं. शेठनी पाहिलं आणि नाक मुरडलं, ‘एवढंच? यात डिझाइन कुठं आहे?’ संस्थापकांचा फोटो मी काढला नव्हता, ‘आमच्याविषयी’च्या पानावर नेला होता. तो तिथे दाखवल्यावर राग जरा निवळला.

डिझाइन म्हणजे काय यावर शेठशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यापेक्षा दुकानात माल घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्यावा आणि म्हणावं, ‘यात अमुक माप शोधा.’ आणि मग तोंड बंद ठेवावं. ‘तिकडे नाही हो, वर दाबा’ म्हणायचा मोह मालकाला आवरत नाही, म्हणून मी त्यांना चहा सांगायला पाठवते. वापरसुलभतेवर आयुष्यभर काम केलेल्या याकोब नील्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. मला तर बरेचदा दुसऱ्याच माणसापाशी घाम फुटतो. तो कुठे अडला ते दुरुस्त करायचं, पुन्हा बसायचं. हा खर्च एजन्सीच्या कोटेशनमध्ये कधी दिसत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

वेगाबद्दल थोडंच. लेखात ‘साइट वेगवान हवी’ एवढंच होतं, पण गूगलने त्यासाठी मापं ठरवून दिली आहेत : पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा (हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आलं), आणि पान उघडत असताना मजकूर खाली-वर उडू नये. फोन नंबरावर बोट नेलं आणि नेमकी जाहिरात वरून घसरून बोटाखाली आली, हा अनुभव सगळ्यांना असेल. तिसरं माप त्याचं. चारांपैकी तीन भेटींमध्ये ही मापं पाळली गेली तर साइट ठीक. छोट्या धंद्यांच्या बाबतीत दोष बहुधा फोटोंचा असतो. मोबाइलवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. तो लहान करून शे-दोनशे केबीवर आणला की डोळ्यांना फरक कळत नाही आणि पान पटकन उघडतं. ऑफिसच्या वायफायवर साइट पाहून खूश होणाऱ्यांना मी संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये उघडून पाहायला सांगते. उलट, गूगलच्या वेग तपासणाऱ्या पानावर शंभरपैकी ४२ गुण दिसले म्हणून रात्री अकराला फोन करणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावं. ते गुण एका ठरावीक चाचणीचे असतात, तुमच्या गिऱ्हाइकांच्या खऱ्या अनुभवाचा आकडा त्याच अहवालात वेगळा असतो. साइटवर पुरेशी वर्दळ असेल तर तो दिसतो, आणि पाहायचा तो.

आता मराठीचं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या देवनागरीत झाल्या. वेबसाइटला तसा नियम नाही आणि असावा असंही मी म्हणत नाही. नागदेवीच्या तक्त्याला मराठीची गरज नाही, तिथे आकडेच बोलतात. पण ज्या काकू सगळ्या गिऱ्हाइकांशी मराठीत बोलतात त्यांची आधीची वेबसाइट इंग्रजीत का होती? विचारलं की एजन्सीवाले म्हणतात, ‘मराठी चांगलं दिसत नाही.’ खरंय, त्यांच्या हातून नाही दिसत. त्यामागची कारणं मला डीटीपीपासून माहीत आहेत. वेबसाइटचे तयार साचे रोमन लिपीसाठी बनलेले असतात. त्यात दोन ओळींमधलं अंतर इतकं कमी ठेवलेलं असतं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत अडकतात. मथळ्यांना रोमनच्या फॅशनप्रमाणे दोन अक्षरांत जागा सोडलेली असते. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडलेल्या माणसासारखा दिसतो. ती जागा शून्य करायची, ओळींचं अंतर वाढवायचं, अक्षर थोडं मोठं घ्यायचं. दहा मिनिटांचं काम. आणि फाँट? ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले फाँट आहेत, कोणीही फुकट वापरावेत असे. कुणाला विकत घ्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र तातडीने पाहावी. बऱ्याच जुन्या मराठी वेबसाइटवरचा मजकूर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या फाँटांमधला आहे, नाहीतर सरळ चित्र करून चिकटवलेला. पहिल्या प्रकारात फाँट नसलेल्या मोबाइलवर नुसती चिन्हांची भेळ दिसते. दोन्ही प्रकारांत गूगलवर मराठीत शोधणाऱ्याला ते पान सापडायची आशा नाही, आणि अंध माणसाचा मोबाइल ते वाचूनही दाखवू शकत नाही. आपल्याच साइटवरचा एक मराठी शब्द कॉपी करून गूगलच्या चौकोनात चिकटवून पाहा. शब्द तसाच उमटला तर ठीक. नाही उमटला तर नव्या रूपापेक्षा हे आधी करून घ्या.

काही गिऱ्हाइकांच्या मागण्या मी पुऱ्या करत नाही, त्याही सांगून टाकते. ‘फक्त दोनच शिल्लक’ असं नेहमीसाठी लिहून ठेवायचं, किंवा रोज मध्यरात्री पुन्हा चोवीस तासांवर येणारं घड्याळ लावायचं. ‘सगळे करतात’ हे त्यावरचं समर्थन. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांच्या यादीत खोटी घाई पहिलीच येते. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी साइटवर दाखवायला हवा, हेही घरून लाडू विकणाऱ्यांना कुणी सांगत नाही. अधिकारी म्हणजे घाबरायचं काही नाही, घरातल्याच एका माणसाचं नाव आणि नंबर. पण हवा.

आणि आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र छापावं अशी विनंती आहे, ते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या साइटपैकी ज्यांचं काहीच करता येत नाही, त्यांचं कारण जवळपास नेहमी एकच : डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, मालकाच्या नावावर नसतं. साइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. पुढे भांडण होतं, किंवा तो मुलगा बंगळुरूला नोकरीला जातो, किंवा फोनच उचलत नाही. मालकाच्या पाटीवर, बिलावर, टेंपोवर, पिशवीवर छापलेला पत्ता असतो दुसऱ्याच्या नावावर. एका केटररचं डोमेन ऐन लग्नसराईत मुदत संपून बंद पडलं. नूतनीकरणाच्या सगळ्या सूचना ज्या ईमेलवर गेल्या तो उघडणारं कुणी उरलंच नव्हतं. मुदत संपली म्हणजे लगेच सगळं गेलं असंही नाही. डॉट कॉमचं नाव रद्द झालं तरी ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं. पण ज्याच्या खात्यात आहे त्यालाच. केटररनी शेवटी नवं नाव घेतलं आणि बिलबुकं पुन्हा छापली.

याला तंत्रज्ञान लागत नाही, काम देताना एक पान लिहून घेणं लागतं. डोमेन धंद्याच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवर. होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचं, खातं तसंच. गूगलच्या नकाशावरच्या नोंदीचा मालक धंदेवाला स्वतः, साइट करणारा फक्त व्यवस्थापक. फोटो आणि मजकूर कुणाचा, काम सोडताना पासवर्ड किती दिवसांत द्यायचे, वर्षाला देखभालीचे किती आणि त्यात काय काय येतं. सुरक्षित जोडणीच्या (पत्त्याआधी ‘https’ येण्यासाठी लागणाऱ्या) प्रमाणपत्राचे दरवर्षी वेगळे हजारो रुपये लावणारे आहेत. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था ते फुकट देते आणि छोट्या साइटला ते पुरतं, हेही त्या पानावर यावं.

आपल्या पुरवणीत भाडेकराराचे, मृत्युपत्राचे नमुने छापून येतात, लोक कापून ठेवतात. तसाच वेबसाइटच्या कामाचा एक पानी मराठी करारनामा एखाद्या वकिलाकडून तपासून छापता येईल का? कच्चा मसुदा मी पाठवायला तयार आहे. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेसाठी कापायचं झालं तर वेगाचा परिच्छेद कापा, डोमेनचा ठेवा.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई
(नाव छापू नये. नागदेवीचे शेठ आपलाच पेपर घेतात.)